दोन होड्यांची एक रिंग

मित्रांनो, मी एक जुनी रिंग आहे. बोटात घालायची नव्हे, बुडत्या माणसाच्या काखेत जाऊन बसायची. पोटात कडक फोम, वरून जाड कापड, अंगावर चार लाल पट्टे आणि भोवताली धरायला दोरी. कुणाच्याही गळ्यात पडणे वाईट म्हणतात, पण माझा जन्मच त्यासाठी झाला.

शिडाच्या होडीला शर्यतीत उतरायचे असेल तर तिच्यावर काय काय असलेच पाहिजे याची एक लांबलचक यादी असते. माणशी एक तरंगते जॅकेट, होडीशी जखडून घ्यायचा पट्टा, आग विझवायचे नळकांडे, भोंगा, इशाऱ्याचे धुराचे बाण, पाणी उपसायची बादली. त्या यादीत सातव्या ओळीवर मी आहे. ‘रिंग एक, दिवा, शिट्टी व तरंगती दोरी यांसह, होडीचे नाव लिहिलेली.’ माझी सगळी कुंडली त्या एका ओळीत आहे. आणि माझा घात झाला तोही तिच्यातल्या शेवटच्या तीन शब्दांवर.

देव भक्ताच्या हाकेला धावून जातो असे मी ऐकत आले आहे. मला पाय नाहीत. हाक मला ऐकू येते, पण धावायचे तर कुणीतरी मला उचलून फेकावे लागते. ही एवढी गोष्ट ध्यानात ठेवा, पुढचे सगळे तिच्याभोवती फिरते.

मला कापड चढवले ते शिडवाल्या आजींनी. धक्क्याच्या टोकाला त्यांची शिडे शिवायची खोली होती. जमिनीवर पांढरे शीड पसरलेले असायचे आणि आजी त्याच्यावर अनवाणी बसून शिवायच्या. चपला घालून कुणी आत आला तर सुई रोखून म्हणायच्या, “तिथंच थांब. हे वाऱ्याचं अंथरूण आहे, तुझं पायपुसणं नाही.” त्यांनी माझ्यावर मोठ्या निळ्या अक्षरांत ‘टिटवी’ असे लिहिले. शेवटची अक्षरे वाळायच्या आत मला घ्यायला एक बुटका माणूस आला. डोळ्याला भिंग लावायची सवय असल्याने तो एक डोळा बारीक करूनच जगाकडे बघायचा. हा घड्याळजी. टिटवी त्याची होडी.

त्याने घरी नेऊन माझा दिवा जोडला. माझा दिवा मोठा गमतीचा आहे. तो कठड्याला उलटा टांगलेला असतो. उलटा असेतोवर झोपलेला. पाण्यात पडला की आपल्या वजनाने सुलट होतो आणि आपोआप पेटतो. घड्याळजीने तो दहा वेळा उलटासुलटा करून पाहिला. त्या नादात त्याच्या हातातली तारांना डाग द्यायची तापलेली सळई माझ्या पाठीला लागली आणि तिथे वाटाण्याएवढा काळा डाग पडला.

त्याची लेक शेजारीच बसली होती. तिला सगळे टिकटिक म्हणत, कारण ती झोपेतसुद्धा बोलायची. ती म्हणाली, “बाबा, तुम्ही तिला भाजलंत.”

“असू दे गं. आता हजारांत ओळखू येईल.”

खरेच, तो डाग ओळखण्याच्याच कामी आला. फक्त ओळखणाऱ्याने तोंड उघडले नाही.

माझी पहिली वर्षे सुखाची होती. टिटवीच्या मागच्या कठड्यावर, सुकाणूच्या उजव्या हाताला माझी जागा. खाली माझी तीस हात लांब पिवळी दोरी. ती घड्याळजी स्वतः गुंडाळायचा. घड्याळाच्या काट्याच्या दिशेने, एकसारखे बारा वेढे, आणि तेराव्या वेढ्याची उलटी गाठ. दुसऱ्या कुणाला ती गाठ जमत नसे. त्याच्या मेव्हण्याने, म्हणजे टिकटिकच्या मामाने, एकदा करून पाहिली. घड्याळजी म्हणाला, “ही गाठ आहे की तुझ्या बायकोचा राग? सुटेल का कधी?” मामा हसला. मामा सगळ्यालाच हसायचा. छापखान्यात कामाला, बोटांना कायम शाई, आणि जिभेवर कायम काहीतरी गंमत. होडीवर तिघे असायचे: सुकाणूवर मामा, शिडांवर घड्याळजी, आणि आतल्या खोलीत नकाशापाशी टिकटिक.

टिटवीच्या शेजारी ‘खंड्या’ बांधलेली असायची. ती दातांच्या डॉक्टरांची. नवी, चकचकीत, धारदार नाकाची. डॉक्टर भला माणूस, पण जिंकण्याचे वेड. होडी हलकी व्हावी म्हणून त्यांनी चमचेसुद्धा उतरवले होते. त्यांचीही रिंग होती, पण ती त्यांच्या घरी व्हरांड्यात भिंतीवर टांगली होती. मधोमध आरसा बसवून. डॉक्टरीणबाईंना ती फार शोभिवंत वाटली.

आता शर्यतीआधी तपासणी असते. तपासनीस हातात यादी घेऊन धक्क्याच्या एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे होडी-होडीवर चढत जातात. त्यांना सगळे यादीकाका म्हणत. कडक माणूस. धुराच्या बाणाची मुदत आदल्या दिवशी संपली असेल तरी परत पाठवायचे. पहिल्या वर्षी डॉक्टर घाईघाईने टिटवीवर आले.

“अहो घड्याळजी, आमची रिंग घरी राहिली. तुमची तपासणी झालीच आहे. पाच मिनिटं देता का?”

शेजारधर्म कुणाला चुकला आहे? मामाने दोरीची कडी सोडली, दोरी जागेवरच ठेवली, आणि मला दिवा-शिट्टीसकट कठड्यावरून पलीकडे दिले. नावाच्या जागी डॉक्टरांनी टॉवेल टाकला आणि दाखवायला खाली शिडाचीच एक दोरी गुंडाळून ठेवली. यादीकाका आले, टॉवेलासकट माझ्यावर खूण करून गेले. पाच मिनिटांत मी परत माझ्या जागी.

दुसऱ्या वर्षी टॉवेल बरा दिसेना, म्हणून मामा शिडवाल्या आजींकडे गेला आणि पट्टीसारखी एक खोळ शिवून मागितली. माझ्या नावावर बरोबर बसणारी, वर ‘खंड्या’ लिहिलेली.

आजींनी चष्म्यावरून पाहिले. “एका रिंगला दोन नावं कशाला रे?”

“बायकांना नसतात का आजी? एक माहेरचं, एक सासरचं.”

“मग सासरी कधी जायचं नि माहेरी कधी यायचं, ते तिला तरी ठाऊक असू दे म्हणजे झालं,” आजी म्हणाल्या. पण शिवून दिली. त्याचे त्यांना पुढे मरेपर्यंत वाईट वाटत राहिले.

मित्रांनो, अशी माझी सहा वर्षे गेली. दर शर्यतीला पाच मिनिटांचे सासर, आणि टिकटिक तेव्हा आत नकाशात गढलेली असल्याने तिला त्याचा पत्ता नव्हता. यादीकाका टिटवीवर येत, माझी पाठ फिरवून बघत, काळा डाग त्यांना दिसे. मग खंड्यावर येत, माझी पाठ फिरवत, तोच डाग. त्यांचे पेन क्षणभर थबकायचे. मग खूण करायचे. त्यांच्या मनात काय येत असेल ते मी तेव्हाच ओळखले होते. शेजारी-शेजारी होड्या, चांगली माणसे, रिंग तर आहेच ना इथे, आज एवढ्यासाठी कुणाची शर्यत कशाला मोडा. पाप कधी पापासारखे तोंड घेऊन येत नाही, ते शेजाऱ्यासारखे येते.

सातव्या वर्षी काय झाले ते आता सांगते.

सकाळी हवा स्वच्छ होती. तपासणी झाली, मी खंड्यावर गेले, खुणा झाल्या. तेवढ्यात बातमी आली की दुपारनंतर समुद्रावर धुके उतरणार. यादीकाकांनी ठरवले की शर्यत अर्धा तास आधीच सोडायची, म्हणजे होड्या धुक्याआधी परत येतील. हेतू चांगलाच होता. त्यांनी भोंगा वाजवला आणि सगळ्या धक्क्यावर धावपळ उडाली.

घड्याळजीची नजर कठड्यावरच्या रिकाम्या जागेकडे गेली. “अरे, रिंग?”

मामा दोर सोडत होता. त्याने तिथूनच आवाज दिला, “डॉक्टर, आमची लेक पाठवा की माघारी.”

“संध्याकाळी देतो, चहाबरोबर,” डॉक्टर म्हणाले. त्यांची होडी सुटली होती.

“थांब, मी उडी टाकून घेऊन येतो,” घड्याळजी म्हणाला.

“अहो भावोजी, भोंगा झाला. सात वर्षांत कधी लागलीय का आपल्याला? चला.”

दोन होड्यांमध्ये तेव्हा एका ढांगेचे अंतर होते. मी पाहत होते. ती ढांग दोन ढांगांची झाली, मग चारची, आणि मग मध्ये नुसते पाणीच पाणी.

समुद्रातल्या दिवाखडकाला वळसा घालून होड्या परत फिरल्या आणि धुके ठरल्या वेळेच्या आधीच उतरले. दुधात बोट बुडवावे तसे सगळे जग नाहीसे झाले. खंड्या पुढे होती, टिटवी मागे कुठेतरी. दिसत काही नव्हते. ऐकू मात्र सगळे येत होते; धुक्यात आवाज कानाशी येऊन बसतात. टिटवीवर पुढचे शीड फाटल्याचा आवाज आला. मग घड्याळजीचा आवाज. दुसरे शीड पुढच्या चिंचोळ्या कप्प्यात होते. जॅकेट घालून तिथे शिरता येत नसे, म्हणून तो ते काढून ठेवत असावा. मामा म्हणत होता, “जॅकेट घाला आधी.” आणि घड्याळजी म्हणाला, “आलोच.”

मग काही तरी आपटल्याचा आवाज आला, आणि पाण्याचा.

मामाची किंकाळी ऐकू आली. “रिंग, रिंग,” असे तो दोनदा ओरडला, आणि मध्येच थांबला. तो का थांबला ते मला कळले. त्याचा हात माझ्या जागेवर गेला असणार. मग टिकटिकची हाक आली. “बाबा.” ती आतून धावत वर आली होती. “बाबा, कुठे आहात?”

नंतर मामाच्याच तोंडून मी ऐकले की पडला तेव्हा घड्याळजी कठड्यापासून चार हातांवर होता. चार हात. मला फेकायचीही गरज नव्हती. नुसते खाली सोडले असते तरी चालले असते.

डॉक्टरांनी एका क्षणात शीड पाडले. ते पहिले होते, पण शर्यत त्यांनी तिथेच टाकली. आवाजाच्या दिशेने वळले, मला ओढून काढले आणि अंगातले सगळे बळ एकवटून धुक्यात फेकले. मी पाण्यावर पडले. दिवा सुलट झाला, पेटला. माझ्या मागे दोरी नव्हती, कारण माझी दोरी टिटवीवर होती.

धुक्यात मला कुणाचा तरी श्वास ऐकू आला. धापा. पाणी थुंकल्याचा आवाज. फार लांब नव्हता. मग तो म्हणाला, “दिवा दिसतोय.” आणि मग अगदी हळू, दुकानाच्या आतल्या खोलीतून गिऱ्हाइकाला सांगावे तसे म्हणाला, “आलोच.”

मित्रांनो, मला तरंगता येते. जाता येत नाही. मी तरंगत राहिले. लाटेने मला त्याच्याकडे ढकलावे म्हणून मी देवाला किती विनवले ते त्यालाच ठाऊक. लाट आली, आणि तिने मला उलट्या बाजूला नेले. श्वासाचा आवाज थांबला. माझा दिवा जळत राहिला.

संध्याकाळ होताना धुके विरळ झाले आणि शोधायला निघालेल्या लाँचवरून कुणीतरी मला आकडीने ओढून घेतले. ते यादीकाका होते. मी त्यांच्या हातात आले तेव्हा माझ्या अंगावर अजून ‘खंड्या’ची खोळ होती. त्यांनी ती पाहिली. आजूबाजूचे लोक दुसरीकडे बघत होते. त्यांनी खोळ ओढून काढली, पिळली आणि खिशात घातली. खाली ‘टिटवी’ हे नाव जसेच्या तसे होते.

धक्क्यावर टिकटिक ब्लँकेट गुंडाळून बसली होती. चौदा वर्षांची पोर. दात वाजत होते. यादीकाकांच्या हातात मला पाहून ती उठली.

“मामा, रिंग का नाही टाकली?”

मामाने माझ्याकडे पाहिले. मग यादीकाकांकडे. मग डॉक्टरांकडे. तिघांचीही नजर एकमेकांत अडकली. त्या तीन नजरांमध्ये किती वेळ गेला म्हणता? डोळा मिटून उघडावा इतकाच. पण आयुष्यभराची गाठ त्यात बसली.

“टाकली होती गं पोरी,” मामा म्हणाला. “तू वर यायच्या आधीच टाकली होती. लाटेनं नेली. पोचली नाही ती.”

डॉक्टर काही बोलायला पुढे झाले. मामाने त्यांचे मनगट धरले. डॉक्टर खाली बघत उभे राहिले. त्या दिवसानंतर त्यांनी होडीवर पाय ठेवला नाही. व्हरांड्यातली रिंग त्यांनी त्याच रात्री भिंतीवरून उतरवली असे मी ऐकले.

अशी मी ‘न पोचलेली रिंग’ झाले.

टिटवीला पाण्याबाहेर काढून ताडपत्रीने झाकले. तिच्याजवळ कुणी फिरकेना. मला यादीकाकांनी तपासणीच्या खोलीत तिसऱ्या खिळ्यावर टांगले. खोली म्हणजे एक टेबल, यादीच्या फायली, मुदत संपलेल्या बाणांचे खोके आणि समुद्राकडे उघडणारी खिडकी. लोक येत, माझ्याकडे बघत, आणि आवाज खाली आणत. “हीच ना ती? गेली, पण पोचली नाही.” कुणी म्हणे, “कमनशिबी आहे, टाकून द्या.” कौतुकाचे दिवस कधीच संपले होते. दूषणाचे सुरू झाले. जे मी केले नाही त्याचे दूषण, आणि ते खोडून काढायला माझ्यापाशी तोंड नाही.

त्या खोलीबद्दल मग लोक कुजबुजू लागले. खारे पाणी शिरून माझ्या दिव्यातला कसला तरी काटा सैल झाला होता. वारा आला की मी खिळ्यावर डुलायचे, आणि दिवा उलटा असूनही मधूनच पेटायचा. शिट्टीच्या भोकातून वारा गेला की बारीक, लांबट आवाज निघायचा. कुणीतरी फार दुरून वाजवते आहे असा. मी मुद्दाम करत नव्हते. नव्हते असे मला तरी वाटते. पण ते नेमके यादीकाका एकटे असताना व्हायचे, आणि बहुतेक वेळा ते फायलीवर सही करायला पेन उचलत तेव्हा.

“गप गं बाई,” ते म्हणायचे. “कळलंय मला. रोज कशाला सांगतेस?”

एकदा त्यांनी दिव्यातले सेल काढून टाकले. त्या संध्याकाळी शिट्टी इतकी वाजली की त्यांनी परत बसवले.

खोळ त्यांच्या टेबलाच्या खालच्या खणात होती. किल्ली जानव्यासारखी अंगावर असायची, क्षणभर दूर नाही.

दर वर्षी त्या तारखेला टिकटिक यायची. आता ती बोलायची कमी. नाव तेवढे टिकटिक राहिले. शिडवाल्या आजींकडे ती शिवण शिकू लागली होती; बोटांना सुईचे घट्टे पडले होते. ती माझ्यासमोर स्टूल घेऊन बसायची आणि बराच वेळ बघत राहायची. उठताना एकच विचारायची, “का गं नाही पोचलीस?”

एका वर्षी नव्हे. अकरा वर्षे.

भूत कुणाला म्हणतात हे मला त्या खोलीत समजले. मेलेला माणूस भूत होत नाही. तो बिचारा “आलोच” म्हणून देवाघरी गेला. जिवंत माणसांनी गिळलेले वाक्य भूत होते. ते घरात, कामावर, जेवताना मागे उभे असते. मामाची थट्टा आटली. छापखान्यात तो चुका करू लागला. या खोलीच्या दारापर्यंत यायचा आणि चप्पल तुटल्याचे निमित्त करून परत फिरायचा. चप्पल धडधाकट असायची.

अकराव्या वर्षी यादीकाका थकले. गुडघे होडीवर चढू देईनात. यादी पुढे कुणी घ्यायची असा प्रश्न आला तेव्हा आजींनी टिकटिकचे नाव सुचवले. यादीकाकांचा चेहरा पांढरा पडला, पण नाही म्हणायला कारण काय देणार? टिकटिक हो म्हणाली. मात्र म्हणाली, “दुसऱ्यांच्या होड्या तपासायच्या तर आधी आपली नीट हवी.” आणि अकरा वर्षांनी तिने टिटवीवरची ताडपत्री काढली.

दुपारी ती तपासणीच्या खोलीत आली. हातात पिवळी दोरी होती. तिने ती टेबलावर, फायलींवर ठेवली. काट्याच्या दिशेने बारा वेढे, आणि तेराव्याची उलटी गाठ.

“काका,” ती म्हणाली, “ही कठड्यावर होती. तिच्या जागेवर.”

यादीकाकांनी हातातले पेन खाली ठेवले.

“ही गाठ बाबांशिवाय कुणाला यायची नाही. त्यांनी त्या सकाळी बांधलेली आहे ही. सुटलेलीच नाही.” ती हळू बोलत होती, टाका टाका मोजत शिवावे तशी. “रिंग फेकली असती तर दोरी तिच्यामागे गेली असती. मग फेकली कुठून?”

वारा अजिबात नव्हता. माझा दिवा पेटला.

यादीकाकांनी माझ्याकडे पाहिले आणि डोळे मिटले. मग गळ्यातली किल्ली काढली. खण उघडायला त्यांना फार वेळ लागला, कुलूप गंजले होते. त्यांनी खोळ बाहेर काढून दोरीशेजारी ठेवली. खाऱ्या पाण्याने ती ताठ झाली होती. ‘खंड्या’.

“दोन खुणा मी केल्या,” ते म्हणाले. “एकाच रिंगवर. सहा वर्षं करत होतो, सातव्यांदाही केल्या. डाग मला दिसायचा.”

टिकटिकने खोळ उचलली. उलटी करून टाके पाहिले. शिडवाल्या आजींचा टाका ती ओळखणार नाही तर कोण ओळखणार? “मामाला बोलवा,” ती म्हणाली.

मामा आला. या वेळी चप्पल तुटली नाही. दारात उभा राहून त्याने टेबलावरच्या दोन वस्तू पाहिल्या आणि उंबऱ्यावरच खाली बसला. शाईच्या बोटांनी तोंड झाकून घेतले.

“का सांगितलंस तसं?”

“काय सांगणार होतो तुला? चौदा वर्षांची होतीस. दात वाजत होते तुझे. काय सांगू? की रिंग संध्याकाळी येणार होती, चहाबरोबर?”

टिकटिकने खोळ परत टेबलावर ठेवली. समुद्राचा आवाज येत होता.

“ते आणायला निघाले होते,” मामा म्हणाला. “मी म्हटलं, कधी लागलीय का आपल्याला. मी म्हटलं ते. रोज ऐकतो मी.”

टिकटिक रडली नाही. तिचा आवाज मात्र कोरडा पडला. “अकरा वर्षं मी हिला बोल लावला, मामा. दर वर्षी येऊन. तू मला माणसावर रागावू दिलं नाहीस, म्हणून मी एका रिंगवर रागावत राहिले.” मग ती उठून माझ्याजवळ आली. अंगावरची धूळ तिने पदराने पुसली, वरून खाली, चारही पट्टे. काळ्या डागावर तिचे बोट थांबले. “हजारांत ओळखू येईल म्हणाले होते,” ती म्हणाली.

मामाला तिने माफ केले का? मला माहीत नाही. तिने त्याला उठवले आणि म्हणाली, “तपासणीच्या दिवशी ये. काम आहे.” दगडाला पाझर फुटावा तसे मला ते वाटले.

त्या वर्षीची तपासणी अजून धक्क्यावर सांगितली जाते. टिकटिक कुठल्याच होडीवर चढली नाही. तिने धक्क्याच्या मधोमध उभे राहून भोंगा वाजवला आणि सांगितले, “सगळ्यांनी आपापली रिंग आत्ता पाण्यात टाका. एकाच वेळी. दोरी धरून ठेवा.”

एकोणीस होड्या होत्या. पाण्यात रिंगा पडल्या सोळा. सोळा दिवे सुलट झाले आणि भर दिवसा पेटले. तिघे जण आपल्या बुटांकडे बघत उभे राहिले. त्यातला एक हळूच म्हणाला, “पाच मिनिटांत आणतो ताई.”

“पाच मिनिटं मला माहीत आहेत,” टिकटिक म्हणाली. “पुढच्या वर्षी या.”

बघा मित्रांनो, अकरा वर्षे माझ्यासमोर आवाज खाली आणणाऱ्यांतच हे तिघे होते. हळहळणे वेगळे, आणि शिकणे वेगळे.

त्या सोळांत टिटवीची रिंगही होती, नवी कोरी. नियमाने माझे वय झाले आहे, शर्यतीला मी चालत नाही, आणि टिकटिक नियमात सूट देत नाही, मलासुद्धा नाही. पण सगळे मोजून झाल्यावर तिने मला टिटवीच्या कठड्यावर, माझ्या जुन्या जागी ठेवले. पिवळ्या दोरीची कडी मला अडकवली आणि गुंडाळी मामाच्या हातात दिली.

“टाक,” ती म्हणाली.

मामाने गाठीकडे पाहिले. “ही सोडावी लागेल. त्यांच्या हातची आहे. शेवटची.”

“माहीत आहे.”

“राहू दे गं. जपून ठेव.”

“जपूनच ठेवली होती, मामा. अकरा वर्षं ती कठड्यावर जपून होती, आणि हिला तिची कडी लागली नव्हती.” तिचा आवाज पहिल्यांदा हलला. “दोरी फेकायची असते.”

मामाने गाठ सोडली. त्याला वेळ लागला. ती उलटी गाठ सुटता सुटेना, आणि मग एकदम सुटली, जणू कुणी दुसऱ्या बाजूने टोक धरून मदत केली. तेरा वेढे मोकळे झाले. मामाने मला उचलले आणि फेकले.

मी पाण्यावर पडले. माझ्यामागे पिवळी दोरी सरळ, ताठ, होडीपर्यंत. दिवा सुलट झाला आणि पेटला. कठड्यापासून चार हातांवर मी तरंगत होते. आसपास कुणी नव्हते. तरीही माझ्या कडेवर अगदी अलगद भार आल्यासारखे वाटले, दमलेल्या माणसाने हात टेकावा तसा. शिट्टी एकदा वाजली. टिकटिकने ती ऐकली, कारण तिने मान वळवली.

“आलेच,” मी म्हणाले. उशीर झाला होता. पण या वेळी मी माझ्या होडीवरून, माझ्या दोरीने आले होते.

आता मी पुन्हा तिसऱ्या खिळ्यावर आहे. माझा दिवा हल्ली उगाच पेटत नाही. होडी शिकायला येणारी तुमच्यासारखी मुले मला हातात घेतात, एकेकदा पाण्यात फेकतात, आणि डाग कसला म्हणून विचारतात. तेव्हा टिकटिक त्यांना सगळे सांगते, काही गाळत नाही. मामा दोरी गुंडाळत बसलेला असतो. ती गाठ त्याला अजून जमलेली नाही.

मित्रांनो, माझ्यासारखी एखादी वस्तू तुमच्याही घरात, शाळेत, गाडीत कुठेतरी टांगलेली असेल. तिला हार घालू नका. तिचे कौतुकही करू नका. फक्त आज उठून एकदा पाहा, ती आपल्या जागेवर आहे का. आणि कुणी ती पाच मिनिटांसाठी मागितली, तर तुमच्या आणि त्याच्या होडीमध्ये अजून एका ढांगेचेच अंतर आहे तोवर जा, आणि तिला घरी घेऊन या.